टेबलाखालची फरशी

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं, की ओरडावंसं वाटलं की आधी वहीत लिहायचं. लिहूनही ओरडावंसं वाटलं, तर खुशाल ओरडायचं. रक्तदाब मोजताना त्यांनी दोनदा भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "बाई, मी गाडी शिकवतो. समोरून ट्रक आला की लोक माझ्या शेजारी बसून डोळे मिटतात. बावीस वर्षं झाली, कुणावर आवाज चढवलेला नाही." त्या म्हणाल्या, "मग घरी चढवत असाल." आमच्या हिने आधीच कान भरलेले दिसतात.

तर ही वही. वही कसली, ड्रायव्हिंग शाळेचं जुनं हजेरीचं रजिस्टर आहे. तारीख, शिकाऊचं नाव, काय शिकवलं, शेरा, असे रकाने. कोरी पानं उरली होती, वाया कशाला घालवायची!

आणि लिहायला कारण आजच मिळालं. आमच्या कन्यारत्नाचा सराव परीक्षेचा निकाल लागला. घरात तिला ठकी म्हणतात, वय सोळा. जीवशास्त्रात ब्याऐंशी, भाषेत चौऱ्याहत्तर, गणितात एकोणीस. शंभरापैकी एकोणीस! पास व्हायला चाळीस लागतात. खरा गणिताचा पेपर ११ मार्चला आहे. त्यात गचकली तर वर्ष गेलं, आणि जनावरांची डॉक्टर व्हायचं तिच्या डोक्यात आहे तेही गेलं. लहानपणापासून लंगडी मांजरं घरी आणते. सध्याचं मांजर एका कानाने अधू आहे.

ओरडलो नाही. लिहिलं. अजून ओरडावंसं वाटतंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. रोज संध्याकाळी सहा ते साडेसात गणित, जेवणाच्या टेबलावर, मी शेजारी. माझं गणित चांगलं होतं, कुणी विश्वास ठेवो न ठेवो.

आज पहिला दिवस. ठरवलंच होतं की तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. ठकीने सुरुवात छान केली. तिसऱ्या ओळीत उणेचं अधिक केलं. मी गप्प. खरंच गप्प, जीभ दाताखाली धरून. पण ही बया थांबलीच. ती ओळ खोडली, मग वरच्या दोन बरोबर ओळीही खोडल्या. त्यानंतर पेन जे अडकलं ते अडकलं. वीस मिनिटं एका गणिताकडे बघत बसली.

"येत नाही का?"

"येतं."

"मग?"

"माहीत नाही."

टेबलाखालची एक फरशी सैल झाली आहे, मधूनच खट् वाजते. त्याने पोरीचं लक्ष उडत असेल. गवंड्याला बोलवायला हवं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नऊ गणितं घातली, सुटली दोन. मी शांत. फरशी वाजतेय. गवंडी फोन उचलत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळी मोठ्या बाई होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, वय सदुसष्ट. यजमान गेल्यावर गाडी दारात धूळ खात उभी राहिली, म्हणून स्वतः शिकायचं ठरवलं. लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाल्यात, दोन्ही वेळा चढावर. चढावर गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा काढायची, एवढंच असतं. बाई म्हणतात, "जन्मभर मी पोरं नापास केली. आता फेडतेय."

पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर त्यांनी चार वेळा गाडी बंद पाडली. पाचव्यांदा मागे सरकली, तेव्हा मी ब्रेक दाबला. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो. त्याच्या जिवावरच तर मी आजवर जिवंत आहे.

"दाबलात?" बाईंनी विचारलं.

"छे हो! तुम्हीच थांबवलीत."

आमच्या धंद्यात सगळे असंच सांगतात, शिकणाऱ्याचा धीर टिकतो. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं, की मला माझी शाळेची चड्डी आठवली.

संध्याकाळी ठकीची सहापैकी एक.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज एक चमत्कार झाला, तो नीट लिहून ठेवतो.

ही बेकरीत काम करते, रविवारीही सकाळी जावं लागतं. आज ठकी तिच्याबरोबर गेली. घरात बसून कंटाळा आला म्हणे. मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यावर बसून तिने बारा गणितं केली. दुपारी हिने तो कागद माझ्यासमोर ठेवला, पिठाने पांढरा झालेला. बारापैकी दहा बरोबर! मी दोनदा तपासलं.

"सोपी निवडली असतील," मी म्हटलं.

"अहो, तुमच्याच पुस्तकातली आहेत. तुम्हीच लाल खुणा केलेली."

"मग तू मदत केलीस."

"मी? मला वर्गमूळ विचारलंत तर मी तुम्हाला पाव देईन."

विचार केला. बेकरीत ऊब असते, उबेने डोकं चालत असेल. पण मग थंडीत परीक्षा देणारे सगळेच नापास झाले असते. नाही, खरं कारण उघड आहे. अकरा दिवस मी शेजारी बसतोय, त्याचा परिणाम आता कुठे दिसायला लागलाय. औषध लागू पडायला वेळ लागतोच. उद्यापासून दीड तासाचे दोन तास.

हिला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, तुमचा पाय—" तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. मग राहूनच गेलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रक्तदाब मोजला असता तर यंत्र फुटलं असतं.

सव्वासहाला ठकीने पेन खाली ठेवलं. आदळलं नाही, ठेवलं. म्हणाली, "मी गणिताच्या पेपरला बसणार नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही बसणार. नापास होण्यापेक्षा गैरहजर बरं."

वही आतल्या खोलीत होती. ओरडलो. शेजाऱ्यांनी रेडिओ बंद केला, इतका ओरडलो. "रोज दोन तास तुझ्याजवळ बसतो! एका शब्दाने बोलत नाही! आणखी काय करायचं बापाने?"

ठकीच्या डोळ्यांत पाणी होतं पण आवाज कापला नाही. म्हणाली, "बोलत नाहीस, तेच तर." आणि मांजर उचलून खोलीत गेली. दार लावून घेतलं.

हे काय उत्तर झालं? बोललं तरी पंचाईत, नाही बोललं तरी पंचाईत.

खरं काय ते इथे लिहितो, कुणी वाचणार नाही. मला भीती वाटते. मीही तिच्या वयाचा असताना एका विषयात गचकलो होतो, भाषेत. पुढच्या वर्षी बसू, म्हटलं. पुढच्या वर्षी गाडी चालवायला लागलो आणि ते वर्ष परत आलंच नाही. गाडीने मला सगळं दिलं, तक्रार नाही. पण एखाद्या अर्जावर 'शिक्षण' असं लिहिलेलं दिसलं की अजून माझा हात थबकतो. तिचा थबकू नये.

२२ फेब्रुवारी, शनिवार

घरात शुकशुकाट. ठकी माझ्याशी बोलत नाही, फ्रिजवर चिठ्ठ्या लावते. आजची: 'दूध संपलं.' मलाच असावी. आईला तोंडाने सांगते.

मी खाली लिहिलं, 'आणतो.' दूध आणलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ठकी पेपरला बसत नाही म्हणतेय, हे आज गाडीत मोठ्या बाईंना सांगून टाकलं. त्यांनी टाकीजवळच्या चढावर गाडी मधेच बंद केली आणि हातब्रेक ओढला.

"मास्तर, एक बोलू? रागावू नका."

"बोला की."

"तुमचा पाय."

मी पायाकडे बघितलं. बुटाची नाडी वगैरे सुटली असेल असं वाटलं.

"मी चुकले की तुमचा उजवा पाय हलतो," बाई म्हणाल्या. "ब्रेक दाबायच्याही आधी. कधीकधी मी चुकायच्याही आधी. मी रस्ता बघतच नाही हो, तुमचा बूट बघत बसते. तो हलला की माझे हातपाय गळालेच म्हणून समजा."

"सवय आहे ती बाई. मी सिनेमात गाडी बघितली तरी पाय दाबतो."

"आणि घरी?"

"घरी कुठे आलाय ब्रेक?"

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. म्हणाल्या, "मी वर्गात खडू घेऊन बसायचे. मूल फळ्यावर चुकलं की खडू टेबलावर टेकवायचे. नुसता टेकवायचे. तीस वर्षं मला वाटत होतं की मी किती शांत बाई आहे. मग एकदा एक जुना विद्यार्थी भेटला, आता बाप्या झालाय. म्हणाला, बाई, अजून कुठे टक् वाजलं की माझ्या पोटात गोळा येतो."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. शिकायला येतात त्या आणि शिकवतात मला! बावीस वर्षं एकही अपघात नाही, तो या पायामुळेच. घरी येईपर्यंत मनात बाईंशी भांडत होतो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

गवंड्याने शेवटी फोन उचलला. विचारतो, "एकच फरशी सैल आहे की आजूबाजूच्याही?" म्हटलं, थांब, बघून सांगतो. फोन कानाला लावूनच टेबलापाशी माझ्या नेहमीच्या खुर्चीवर बसलो आणि वाजणारी शोधायला लागलो. शोधावी लागलीच नाही. माझ्या उजव्या पायाखालीच होती. खात्री करायला पाय दाबला. खट्.

आतल्या खोलीतून ठकी म्हणाली, "आता काय चुकलं?"

ती अभ्यास करत नव्हती. पलंगावर बसून मांजराच्या कानात औषध घालत होती. पुस्तक नाही, पेन नाही, मी समोर नाही. तरी हात थांबवून विचारत होती, आता काय चुकलं.

पाच दिवसांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"काही नाही," मी म्हटलं. "तुझं काही नाही चुकलं, बाळा."

गवंडी फोनमध्ये "हॅलो, हॅलो" करत होता. मी बंद केला.

नऊ गणितांत सात वेळा खट्. सहात पाच वेळा. तिने उणेचं अधिक केलं, आणि ते तिच्या ध्यानात यायच्या आत माझ्या पायाने तिला सांगून टाकलं, गधडे, चुकलीस. रोज दोन तास. आणि मी मात्र गप्प बसलो म्हणून स्वतःची पाठ थोपटत होतो. बेकरीत ऊब होती म्हणे! बेकरीत मी नव्हतो.

मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. पन्नाशीच्या माणसाने लिहू नये, पण लिहिलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

हिला सांगितलं. म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"दोनदा सांगायला आले, अहो तुमचा पाय वाजतो म्हणून. एकदा दारावरची घंटा वाजली, एकदा तुम्ही म्हणालात, गवंडी येतोय."



१ मार्च, शनिवार

ठकीच्या दाराशी उभा राहिलो. भाषण तयार केलं होतं, ते सगळं विसरलो. म्हटलं, "ठके, माझा पाय वाजत होता. मला कळलं नाही. चुकलो मी."

तिने मांजराच्या पाठीवरून हात फिरवला.

"बरं," म्हणाली.

"पेपरला बसशील?"

"माहीत नाही."

जिभेवर आलं होतं की दहाच दिवस राहिलेत. गिळलं. फ्रिजवरचं वेळापत्रक काढलं आणि त्याच्या पाठीमागे दुधाची चिठ्ठी लिहिली.

४ मार्च, मंगळवार

आज मोठ्या बाईंना टाकीजवळ नेलं. मागे गाडी नाही, माणूस नाही, दोनदा बघून घेतलं. मग डब्याची पिशवी ब्रेकच्या पुढ्यात ठेवली आणि दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले. म्हटलं, "बाई, आज ब्रेक फक्त तुमचा."

गाडी मागे सरकली. वीतभर. मग दोन वीत. माझ्या पाठीवरून घाम ओघळला, पोटरीत गोळा आला. बाई एकदाही खाली बघत नव्हत्या. बघण्यासारखं काही नव्हतंच. सरळ रस्त्यावर नजर, हातब्रेक घट्ट, इंजिन गुरगुरलं, आणि गाडी चढली. चढली! सदुसष्ट वर्षांच्या मुख्याध्यापिका गाडीत "याऽऽ हू" म्हणून ओरडल्या. डबा सांडला तो वेगळा.

रात्रीच्या जेवणात हे सगळं सांगितलं, बाईंच्या आरोळीसकट. ठकी हसली. ताटात बघून हसली, पण हसली.

हात धुऊन आलो तर ती पुस्तक उघडून टेबलापाशी बसलेली.

"बाबा, बसायचं तर बस," म्हणाली. "पण पाय वर."

मी जेवणाच्या खुर्चीवर मांडी घालून बसलो. गुडघ्यांनी शंख केला. तिने गणित घेतलं. चौथ्या ओळीत कंस सोडवताना चुकली, आणि माझा पाय जागच्या जागी उसळला. दाबायला खाली काहीच नाही. मी त्याच्यावर बसलो. ती पुढे जात राहिली, चुकीचं उत्तर आलं, मागचं पान उघडून ताळा केला, "अंऽऽ" केलं, आणि बोट लावत एकेक ओळ वर गेली. चौथ्या ओळीवर बोट थांबलं.

"कंस!" ती म्हणाली. "कंसाने घात केला."

"अस्सं?" मी म्हटलं.

"तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग बोलला नाहीस?"

"तुला सापडलंच की."

अकरा मिनिटं लागली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो, म्हणून माहीत आहे. उठताना दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या, ठकीने हात देऊन उठवलं.

८ मार्च, शनिवार

मांडी घालायची सवय गेली होती, परत आली. आठपैकी सहा. काल पाच होती.

१० मार्च, सोमवार

उद्या पेपर. बसणार की नाही, ते ठकीने अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी तिची कंपासपेटी टेबलावर दिसली, दोन पेन्सिली टोक केलेल्या. मी विचारलं नाही. हिने डोळ्यांनी मला दाद दिली.

११ मार्च, मंगळवार

सकाळी ठकी दप्तर घेऊन निघाली.

"सोडायला येऊ?"

"नको. चालत जाते."

कोपऱ्यावरून मागे फिरली तेव्हा माझा धीरच सुटला. झालं, म्हटलं, नाही जात. ती आत आली, पट्टी घेतली आणि परत गेली. पट्टी विसरली होती.

आज मोठ्या बाईंचीही परीक्षा होती. मला बाहेर फाटकापाशी उभं राहावं लागतं. बाई पास झाल्या! चढावर अजिबात नाही अडल्या, म्हणे तपासनीस साहेबांनाच सीटबेल्ट लावा म्हणून दटावलं. कागद नाचवत बाहेर आल्या आणि पहिलं काय विचारावं? "पोरगी बसली का हो पेपरला?"

पोरगी दीडला आली. मी 'कसा गेला' विचारलं नाही. माझं मला आश्चर्य वाटलं. तिने आईने आणलेले तीन पाव एकामागून एक खाल्ले आणि मग आपणहून म्हणाली, "एक गणित राहिलं. वेळच संपला."

"हं."

"मधे एकदा अडकले, बाबा. चुकलंय असं वाटलं आणि सगळं अंगच थंड पडलं. मग टेबलाखाली बघितलं."

"काय होतं?"

"काही नव्हतं. साधी फरशी होती. मग परत पहिल्यापासून केलं."

मी भांडी घासायला उठलो. तोंड कुठेतरी वळवायला हवं होतं.

१९ मे, सोमवार

गणितात सत्तावन्न!

सत्तावन्न. अक्षरात लिहिलं म्हणजे पुसलं जाणार नाही. जीवशास्त्रात एक्क्याण्णव. हिने बेकरीतून केक आणला, त्यावर '५७' असं लिहून. दुकानातल्या पोरींना वाटलं कुणाचा तरी सत्तावन्नावा वाढदिवस आहे. मोठ्या बाई स्वतः गाडी चालवत पेढ्यांऐवजी पेन घेऊन आल्या, आणि आमच्या दारातली कुंडी फोडून गेल्या. माझा पाय दारात उभ्या उभ्या उसळला, पण कुंडी वाचायची नव्हती.

सगळे गेल्यावर तिघंच जेवायला बसलो. मला भरून आलं होतं. ठकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "शाब्बास. पण आता खरी चढण पुढे आहे. पुढच्या वर्षाचं मी एक वेळापत्रक—"

खट्.

मी खाली बघितलं. माझे दोन्ही पाय खुर्चीवर होते, मांडी घातलेले. ठकी मान खाली घालून केक खात होती. टेबलाखाली तिच्या पायाचा अंगठा माझ्या फरशीवर होता.

"चुकलं," मी म्हटलं.

आधी ही हसली, मग ठकी हसली, आणि ठकीला हसताना ठसका लागला. मी पाठीत थोपटलं. जेवणं झाल्यावर गवंड्याला फोन केला आणि सांगितलं, बाबा रे, येऊ नकोस. आमची फरशी आहे तशी राहू दे.